बाबांनी दुसरी वाटी मागितली

“…पण बाबा, एकदा तरी शाबास म्हणायला तुमचं काय जातं?”

मोतीगीरनं हे विचारलं तेव्हा हेमगीरबाबा तापानं फणफणले होते. पण शाबासकीसाठी हपापलेल्या शिष्याला वेळकाळ कुठला!

“आधी काढा आण,” बाबा म्हणाले.

मोतीगीर मोठ्या उत्साहानं उठला. तापावर कडूजहर किराईताचा काढा द्यायची मठीची रीत होती, आणि त्यासाठी बाबा दर वेळी त्याला वरच्या उघड्या कातळावर, सड्यावर पिटाळत. तिथलं किराईत खुरटं, किडीनं कुरतडलेलं. म्हणून यंदा त्यानं मठीमागे स्वतःचा वाफा केला होता. सावली, शेणखत, रोज पाणी, भोवती काट्यांचं कुंपण. एका पानाला भोक पडू दिलं नव्हतं.

बाबांनी वाटी एका दमात रिकामी केली.

“छान झालाय. आणखी एक वाटी दे.”

मोतीगीर खुलला. दुसरी वाटी भरायला घेतली आणि त्याचा हात थबकला…

किराईताची दुसरी वाटी आजवर कुणी मागितली होती?

त्यानं बोट बुडवून चाटलं. काढा जेमतेम कडू होता.

बाबांचे डोळे तांबारले होते. अंग नुसतं भाजत होतं.

“बाबा, माझं चुकलं… मी एवढं जपून वाढवलं होतं…”

“ते झाड कडू कुणासाठी होतं रे?”

“आपल्यासाठी. आपला ताप उतरावा म्हणून.”

बाबा हसले. हसताना त्यांना धाप लागली.

“त्याला काय ठाऊक तुझा ताप? शेळी येते, अळी चढते. बिचाऱ्याला पळता येत नाही… तुझ्या वाफ्यात त्याला कुणाची भीती होती?”

मोतीगीर अनवाणीच सड्याकडे धावला. ऊन मी म्हणत होतं. कातळाच्या फटींतली खुरटी झाडं उपटताना तो हमसून रडत होता. बाबा गेले तर काय, याशिवाय त्याला काही सुचत नव्हतं.

नव्या काढ्याचा पहिला घोट घेताच बाबांचं तोंड वेडंवाकडं झालं. त्यांनी मोतीगीरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, नाक दाबून वाटी संपवली आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मोतीगीर पायाशी बसून राहिला…

दिवेलागणीला बाबांना दरदरून घाम फुटला. त्यानं भीत भीत कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याला हसू येत होतं आणि रडूही. बाबांनी पेज मागितली तेव्हा तर तो चुलीपाशी एकटाच हसत सुटला.

पेज पिऊन बाबा भिंतीला टेकून बसले. मोतीगीरला राहवेना.

“बाबा… दुसरा काढा कसा झाला होता?”

आठवणीनंच बाबांचं तोंड पुन्हा वाकडं झालं.

“शेळीसुद्धा तोंड लावणार नाही, असा. उद्याही तसाच कर.”