लेथबाई आणि फ्यूज

फार पूर्वीची गोष्ट. सकाळी बरोबर सव्वादहाला कारखान्यातली लोखंड कातणारी लेथबाई पुन्हा बंद पडली.

"ह्या फ्यूजला काही सोसतच नाही. सारखा आपला उडतो," ती करवादली.

फ्यूज म्हणाला, "बाई, तुझ्या मोटरची वायर सोललीय. मी उडतो म्हणून तू वाचतेस."

"पुरे तुझं कौतुक. माझं काम अडलंय."

रखमाजी मिस्त्रीही वैतागले होते. त्यांनी फ्यूज काढून तिथं जाड तार घातली. लेथबाई खुशीत फिरायला लागली. थोड्या वेळानं मोटर तापली, धूर येऊ लागला.

"तारे, तूट गं लवकर," लेथबाई कळवळली.

"मला तुटता येत नाही, बाई," तार म्हणाली.

मोटर जळाली. लेथबाई एवढंच बोलली, "शेजारच्या ड्रिलला कुणीतरी सांगा. फ्यूज उडाला तर त्याच्यावर चिडू नकोस म्हणावं, आधी मिस्त्रींना वायर बघायला लाव."