पंचविशीतले आजोबा

“आजोबा, भाकरी चावंल का? का मऊ भात आणू?”

वाढपी वाकून विचारत होता. ज्याला विचारत होता, तो अच्युत नुकताच पंचविशीत आला होता. पण गालांची कातडी हनुवटीखाली ओघळलेली, पापण्या डोळ्यांवर उतरलेल्या. बघणाऱ्याने सत्तरीच धरावी.

“भात,” अच्युत म्हणाला.

मठात आल्यापासून तो म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसत होता. पाणी भरायचं नाही, झाडलोट नाही, शिवाय येणारे-जाणारे पाया पडायचे. पहिल्या दिवशी त्याला ओशाळल्यासारखं झालं. मग अंगवळणी पडलं. खोटं कशाला बोला, थोडं आवडायलाही लागलं.

जेवणं झाल्यावर मठाच्या नागेशबुवांनी त्याला बोलावलं. बुवा मात्र खरोखरीचे म्हातारे होते.

“काय पाहिजे रे तुला?”

अच्युत दचकला. इथे त्याला अरे-तुरे करणारे हे पहिलेच.

“दीक्षा द्या. संसार सोडायचाय.”

बुवांचं लक्ष त्याच्या हाताकडे होतं. त्यांनी मनगटावरची कातडी चिमटीत धरली आणि ओढली. चांगली लांब आली. मग सोडली. दोघेही बघत राहिले... कातडी सावकाश, आपल्या सवडीने जागेवर गेली.

“दुखलं?”

“नाही.”

“मग पुन्हा ओढू?”

खरं तर अच्युतला राग यायला हवा होता. पण आजवर लोकांनी त्याला बघून हळहळ केली होती, नाहीतर नजर फिरवली होती. असं लहान पोरासारखं कुतूहल कुणी दाखवलं नव्हतं. त्याला बरं वाटलं. त्याने मुकाट्याने हात पुढे केला.

“कशाने होतं रे हे?”

“कातडीत ताणून परत येणारे धागे असतात. माझे जन्मापासून कमजोर. लाखांत एखाद्यालाच होतं. औषध नाही.” हे सांगताना त्याच्या बोलण्यात नेहमीच थोडी ऐट यायची.

“आणि आतलं सगळं?”

“धडधाकट. डॉक्टरांनी तपासलंय.”

“दात?”

“सगळे शाबूत.”

“मग मऊ भात कशाला खातोस?”

अच्युतचे कान तापले.

“त्यांनी विचारलं... मी हो म्हटलं.”

बुवांनी ते तिथेच सोडलं. “बरं. संसार सोडतोयस म्हणजे कुणाला सोडतोयस?”

“शर्वरीला. आम्ही एकाच शाळेत शिकवतो. लग्न करू म्हणते. घरीही सांगून बसलीय. दया येते तिला माझी. मला नको दयेचं लग्न. उद्या लोक म्हणतील, आजोबांना घेऊन फिरते. त्यापेक्षा मीच बाजूला झालेलं बरं.”

हे सगळं त्याने वाटेत मनातल्या मनात कितीदा तरी बोलून पाहिलं होतं. प्रत्येक वेळी आपण फार मोठ्या मनाचे आहोत, असं त्याला वाटलं होतं.

“देतो दीक्षा,” बुवा म्हणाले.

बुवा आधी थोडी समजूत काढतील, असं अच्युतने धरलं होतं.

“फक्त मठाचा एक नियम आहे. ज्या माणसाला सोडायचं, त्याची राजीखुशी लागते. जा, शर्वरीकडून तेवढी घेऊन ये.”

“ती नाही देणार!”

“का?”

“का म्हणजे? भांडेल ती! इथे येईल, सगळ्यांदेखत हाताला धरून ओढत नेईल मला. तुम्हांलाही चार शब्द सुनावेल. तुम्ही ओळखत नाही तिला, बुवा!”

बोलता बोलता त्याचा आवाज चढला होता. लोंबत्या गालांतून हसू फुटलं होतं, आणि ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

बुवा पुढे सरकले. खरंच ठाऊक नसल्यासारखं त्यांनी विचारलं,

“दयेपोटी...?”