नोंद बाद

"एकानंसुद्धा विश्वास ठेवला नाही, खाला! समितीची सात माणसं बसली होती. एकानंसुद्धा नाही!"

चपला दारातच भिरकावून शाल्मली आत आली. पुण्याची डॉक्टर, मेंदूचं शास्त्र शिकलेली. मेंदू आणि कला यांचा सांधा शोधायला तिला दोन वर्षांची फेलोशिप मिळाली होती. त्यापायी वर्षभर ती मिरजेच्या या गल्लीत येऊन जैतुनखालापुढे बसत होती.

जैतुनखाला तंबोऱ्यांची जवारी लावते. तारा टेकतात त्या घोडीवर, तारेखाली, सुताचा दोरा केसभर सरकवायचा. जागा सापडली की कोरडी तार गुंजायला लागते. चाळीस वर्षं हेच काम.

खालानं मान वर केली नाही.

"काय म्हणाले?"

"म्हणे तुमचं यंत्रच बिघडलेलं होतं! तुमच्या डोक्यावर तारांची टोपी घालून मी सगळं टिपलं. जवारी लावताना तुमच्या मेंदूचा ऐकायचा भाग झोपल्यासारखा गप्प असतो. हाताचा तेवढा जागा. हे सांगितलं तर अध्यक्ष हसले. म्हणाले, कानाशिवाय जवारी लागते होय, बाई? शुक्रवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर फेलोशिप बंद."

"हं."

"हं काय! तुम्ही तरी बोला..."

शेजारच्या दुकानात ग्राइंडर सुरू झाला. लोखंडावर असा किंचाळला, की शाल्मलीनं कान दाबून धरले.

खालानं कापसाचे दोन बोळे केले. कानांत कोंबले. वरून पदर करकचून बांधला. तंबोरा मांडीवर ओढून डावा तळवा भोपळ्यावर ठेवला. तार छेडली, दोरा सरकवला. परत छेडली. परत सरकवला...

ग्राइंडर थांबला. खालानं चारही तारांवरून बोट फिरवलं.

खोली गच्च भरली.

"हे... हे वर्षभरात एकदाही दाखवलं नाहीत!"

खालानं पदर सोडला. बोळे काढले.

"काय म्हणालीस?"

"हे आधी का नाही दाखवलंत?"

"तू कानाचं विचारत होतीस. मी कानाचं सांगत होते."

शाल्मलीनं पर्समधून मोबाइल काढला. तिच्या चेहऱ्यावर आता रंग चढला होता.

"परत करा, मी व्हिडिओ घेते. शुक्रवारी त्या अध्यक्षांपुढे आदळते. सगळं त्यांच्यामुळं झालं. एवढी शिकलेली माणसं, आणि समोरचं दिसत नाही!"

"यंत्र बिघडलं, हे त्यांना कुणी सांगितलं?"

शाल्मली मोबाइलचा कॅमेरा उघडत राहिली.

"वही काढ."

तिच्या नोंदींची वही मराठीत होती. ती खालाचीच अट. पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "माझ्याबद्दल लिहिशील ते मला वाचता येईल असं लिही. चौथी शिकलेय मी, आंधळी नाही."

"हीच वही त्या सात जणांपुढे गेली ना?"

"हो, पण खाला..."

शाल्मलीच्या पर्समधून वही खालानंच ओढून घेतली. चष्मा चढवला. अक्षराखाली बोट ठेवून शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचायला लागली.

"ऐकण्याचा भाग गप्प. हे शक्य नाही. यंत्र बिघडलं. नोंद बाद."

पान उलटलं.

"ऐकण्याचा भाग गप्प. यंत्र बिघडलं. नोंद बाद."

सहा पानं. सहाही तशीच.

"ते सुरुवातीचं होतं, खाला. तेव्हा मला वाटलं..."

मोबाइल शाल्मलीच्या हातात तसाच राहिला.

खालानं परत पहिलं पान काढलं. बोट सावकाश खाली नेलं. सहीपाशी थांबवलं. एकेक अक्षर जुळवत वाचलं.

"शाल्मली... दामले."