बेडकुल्याचं तळं आणि आजीची सांडशी

माझ्यासारखा गाडी दुरुस्त करणारा पंचक्रोशीत नाही. आजवर मी सात गाड्या खोलल्या. परत जोडल्या दोनच. त्यातली एक खेळण्यातली होती.

हसू नका. पोरांनो, तुमचे पुढचे दात पडलेत, ते दिसतं. ऐका.

आमच्या अंगणात होती एक पांढरी गाडी. गाडीखाली होतं एक तळं. केवढं? पुरीएवढं. तळ्यात होतं एक बेडकुलं. केवढं? सुपारीएवढं.

गाडी रोज दुपारी बाजारातून यायची. आत गार गार हवा. पोटाखाली गार गार पाणी. टिप. टिप. टिप. तळं भरायचं. बेडकुलं डुंबायचं. बुडुक बुडुक.

एक दिवस गाडी आली ती तापलेली. आतही गरम, बाहेरही गरम. टिप नाही. टुप नाही.

तळं बिस्किटाएवढं झालं. मग टिकलीएवढं झालं. मग नाहीच.

ऊन तर मी म्हणत होतं. बेडकुल्याची पाठ सुकली. पाय सुकले. ते म्हणालं, "माझं तळं मला पाहिजे."

आणि निघालं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

गेलं गाडीकडे.

"गाडीबाई गाडीबाई, थेंब द्या ना.
तळं माझं भरेना."

गाडी म्हणाली, "देईन की. पण माझा कॉम्प्रेसर दमलाय. आधी जुना उठू दे. नवा बसू दे."

कॉम्प्रेसर म्हणजे काय? गाडीच्या पोटातलं लोखंडी मडकं. ते फिरलं की गाडी गार. गाडी गार की थेंब. मला एवढंच येतं. जास्त विचारू नका.

बेडकुलं गाडीच्या पोटात चढलं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"कॉम्प्रेसरकाका कॉम्प्रेसरकाका, उठा ना.
गाडी थेंब देईना,
तळं माझं भरेना."

कॉम्प्रेसर म्हणाला, "खर्र, खर्र. उठेन की. नवा तिथं खोक्यात झोपलाय, तो बसेल. पण आधी बोल्ट सुटू दे. आणि बघ रे बाळा, तीन दिवस माझ्या बरगडीत काहीतरी टोचतंय."

काय टोचतंय? असेल काहीतरी. पुढे चला.

बेडकुलं गेलं बोल्टाकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"बोल्टदादा बोल्टदादा, सुटा ना.
जुना उठेना, नवा बसेना,
गाडी थेंब देईना,
तळं माझं भरेना."

बोल्ट म्हणाला, "सुटेन की. पण आधी पाना फिरू दे."

पाना पडला होता पायरीवर, उन्हात. बेडकुलं गेलं पान्याकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"पानेराव पानेराव, फिरा ना.
बोल्ट सुटेना,
जुना उठेना, नवा बसेना,
गाडी थेंब देईना,
तळं माझं भरेना."

पाना म्हणाला, "फिरेन की. पण आधी आजोबा हलू देत."

आजोबा कोण? मीच. मी पडलो होतो बाजेवर. तोंडावर टोपी.

आळशी म्हणू नका. सोमवारी गाडीचा एसी बघणारे याकूबभाई आले होते. गाडीतला जुना गॅस त्यांनी त्यांच्या मशीननं काढून घेतला. गॅसला मी हात लावत नाही. माझी मिशी मला प्रिय आहे. जाताना म्हणाले, काका, नवा बसवा आणि हाक मारा, लगेच येतो. मी बॉनेट उघडून जरा खुडबुड केली आणि टेकलो. तो सोमवार. आणि हा गुरुवार. मी घाई करत नाही, एवढंच.

बेडकुलं आलं माझ्याकडे. टुणुक टुणुक, टुणुक... टुणुक. आता ते दमलं होतं.

"आजोबा आजोबा, हला ना.
पाना फिरेना,
बोल्ट सुटेना,
जुना उठेना, नवा बसेना,
गाडी थेंब देईना,
तळं माझं भरेना."

मी टोपीखालून म्हणालो, "हलेन की. पण आधी चहा उतरू दे."

बेडकुलं गेलं आजीकडे. टुणुक... टुणुक. टुणुक... टुणुक. स्वयंपाकघराचा उंबरा केवढा उंच. एकदा पडलं. दोनदा पडलं. तिसऱ्यांदा पोचलं.

"आजी आजी, चहा उतरव ना.
आजोबा हलेनात,
पाना फिरेना,
बोल्ट सुटेना,
जुना उठेना, नवा बसेना,
गाडी थेंब देईना,
तळं माझं भरेना."

आजी खाली बसली. आधी तिनं बेडकुल्याकडे बघितलं. मग ओंजळभर पाणी घेतलं आणि हळूच त्याच्या पाठीवर सोडलं.

इतक्या जणांकडे ते गेलं. पाणी कोणाला सुचलं? मलासुद्धा नाही.

मग आजी म्हणाली, "चहा उतरवीन रे राजा. पण माझी सांडशी सापडेना. परवा फडक्यानं पातेलं धरलं, तर हे बघ."

तिच्या बोटाला चिंधी होती. बेडकुल्यानं चिंधीवर फुंकर घातली. फू. बेडकुल्याची फुंकर केवढी? पण आजी म्हणाली, बरं वाटलं.

आता सांडशी नेली कोणी? मला काय माहीत. मांजरानं नेली असेल. मांजरं नेतात.

बेडकुलं गाडीखाली परत आलं. तळ्याच्या जागी बसलं. तिथं नुसती माती. मातीला भेग. ते आपलं आपणच म्हणू लागलं,

"सांडशी सापडेना,
चहा उतरेना,
आजोबा हलेनात,
पाना फिरेना,
बोल्ट सुटेना,
जुना उठेना, नवा बसेना..."

आणि थांबलं.

जुना काय म्हणाला होता? बरगडीत काहीतरी टोचतंय.

टुणुक. बेडकुलं चढलं वर. कॉम्प्रेसरच्या मागे अंधार. अंधारात काहीतरी चकाकलं. दोन लांब पाय. वर चोच.

सांडशी.

बेडकुल्यानं ती पायांनी ढकलली. हलेना. पोटानं ढकलली. हलेना. मग डोळे मिटले, आजीचं बोट आठवलं, आणि दोन्ही पायांनी मारली एक लाथ.

खण्ण.

सांडशी खाली. बेडकुलं सांडशीवर. आवाज ऐकून आजी आली. वाकली. सांडशी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी वर बघून अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा मोजत होतो.

मांजर इथं कसं पोचलं, देव जाणे.

मग काय झालं?

सांडशी सापडली.
चहा उतरला. फुर्र करून मी बशीतून प्यालो.
आजोबा हलले. म्हणजे मी. पट्टा काढला, नळ्या सोडवल्या.
पाना फिरला. कर्र, कर्र.
बोल्ट सुटले. एक, दोन, तीन, चार. चारही डब्यात. डबा आजीच्या हातात, कारण माझ्यावर तिचा भरवसा नाही.
जुना उठला. म्हणाला, "हुश्श. बरगडी मोकळी झाली."
नवा बसला. नळ्यांना नव्या रबरी रिंगा घातल्या. चारही बोल्ट लागले. पट्टा चढला. आणि हो, डब्यात काही उरलं नाही. आजीनं डबा उलटा करून बघितला.

याकूबभाईंना हाक मारली. स्कूटर आली, पों पों. मशीन लागलं, घूं घूं. आधी नळ्यांतली हवा काढली. मग नवा गॅस भरला. याकूबभाई मला म्हणाले, काका, यावेळी सगळं जागेवर आहे, तब्येत बरी आहे ना? मी ऐकू न आल्यासारखं केलं.

गाडी सुरू झाली. आत गार गार हवा.

बेडकुलं आपल्या जागी बसलं. डोकं वर. डोळे वर.

थेंब नाही.

आजी पदर सावरून जमिनीवर बसली. याकूबभाई वाकले. मीही वाकलो, गुडघा कटकन वाजला.

थेंब नाही.

आणि मग...

टिप.

बेडकुल्याच्या नाकावर.

टिप. टिप. टिप. तळं टिकलीएवढं झालं. टिप. टिप. टिप. तळं बिस्किटाएवढं झालं. टिप. टिप. टिप. तळं पुरीएवढं झालं. बेडकुलं आत. बुडुक बुडुक, बुडुक बुडुक.

डुंबता डुंबता ते गाऊ लागलं,

"सांडशी सापडली,
चहा उतरला,
आजोबा हलले,
पाना फिरला,
बोल्ट सुटला,
जुना उठला, नवा बसला,
गाडीनं थेंब दिला,
तळं माझं भरलं."

बघा पोरांनो. तळं भरलं ते माझ्यामुळे. आणि इतके दिवस सुकं राहिलं ते त्या मांजरामुळे.

आजी चहा घेऊन दारात उभी होती. एका हातात कप, एका हातात सांडशी. म्हणाली, "असं होय. मांजराला गाडीचं बॉनेट उघडता येतं तर. मग पुढच्या वेळी दुरुस्ती त्यालाच करू दे, तीन दिवस तरी लावणार नाही."