यू कमिंग, पपा?

“पण भन्ते, त्यातला ‘आर’ गेला कुठे?”

डोंगरदिवे सर आल्या आल्या हेच विचारत होते. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. लग्नपत्रिका हातात दिली तरी आधी चुका काढणार. मी विहाराची झाडलोट करतो, तेव्हा सगळं ऐकलं.

“कुणाच्या बोलण्यातला?” आमचे भन्ते म्हणाले.

“विशाखाच्या, माझ्या मुलीच्या. तिकडे इंग्लंडात, लीड्सला नर्स आहे. पुढच्या महिन्यात बाळंतपण. फोनवर म्हणते, ‘यू कमिंग, पपा?’ ‘आर’ नाहीच! माझी मुलगी असून!”

“मग?”

“म्हटलं, आधी वाक्य नीट कर.”

“केलं?”

“केलं की. ‘आर यू कमिंग, पपा?’ अगदी स्पष्ट.” सर थांबले. “त्याला तीन आठवडे झाले… तिचा फोन नाही. मी केला तर जावई म्हणतात, झोपलीय. रोज झोपलेली असते होय?”

एवढा ताठ माणूस, पण खिशातला फोन काढून बघू लागला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण सर पुन्हा मूळ पदावर. “तिथले सगळेच असं बोलतात म्हणे. ‘हंग्री?’ ‘वॉन्ट टी?’ अर्धं वाक्य खाऊनच टाकतात. का खातात, भन्ते? मला खरंच समजून घ्यायचंय.”

भन्तेंनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा.

सरांनी भोजनदानाचा डबा आणला होता, पण या नादात तो तसाच मांडीशी पडलेला. आमच्याकडे भिक्खूनं बाराच्या आत जेवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत उपवास. आणि मागायचं नाही. आपल्या हातानं उचलून घ्यायचंही नाही.

भन्ते उठले. भिक्षापात्र घेऊन सरांसमोर उभे राहिले. नजर खाली.

“अरे बापरे!” सरांनी घाईघाईनं डबा उघडला. भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली. “माफ करा भन्ते, बोलण्याच्या भरात राहूनच गेलं.”

“मी काय विचारलं?”

“काहीच नाही.”

“वाक्य चुकलं का माझं?”

“वाक्य होतंच कुठे? तुम्ही समोर उभे राहिलात, मला कळलं.”

“कसं काय कळलं?”

“आता… आपल्या माणसाचं कळतंच की, भन्ते.”

सरांचा हात डब्यावरच राहिला.

…

भन्ते पात्र घेऊन बसले. मी झाडू टेकून उभा.

मग भन्तेंनी हळूच विचारलं, “विशाखानं दुसऱ्यांदा विचारलं, ते अगदी बरोबर होतं ना?”

“हो. शंभर टक्के.”

“त्यावर तुम्ही काय म्हणालात?”

सर आठवू लागले. आठवलं तशी मान खाली गेली.

“…‘व्हेरी गुड’ म्हणालो.”

“ते मार्क झाले, सर. उत्तर?”