चार वाजताचे इंजेक्शन

एकदा एका रुग्णालयात एक व्यापारी दाखल झाला. गाडीच्या अपघातात त्याची मांडी मोडली होती आणि शेजारी बसलेली पत्नी जागीच गेली होती. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली व ती उत्तम झाली. गोळ्या वेळच्या वेळी चालू होत्या. त्यांनी भागले नाही तरच अफूच्या जातीचे एक कडक इंजेक्शन द्यावे, असे डॉक्टरांनी लिहून ठेवले होते.

नवव्या दिवशी व्यापाऱ्याने ते पुन्हा मागितले. शिकाऊ परिचारिका लगबगीने भरून घेऊन आली. वॉर्डातल्या वृद्ध परिचारिकेने ते तिच्या हातून घेतले, ट्रेमध्ये ठेवले आणि स्टूल ओढून व्यापाऱ्याजवळ बसली.

“शेठ, लागलं तर हे देईनच. आधी सांगा, वहिनींचं नाव काय होतं?”

“नाव घ्यायची सवय नव्हती हो. अगं म्हटलं की यायची.” मग त्याने ते उच्चारले, “इंदुमती,” आणि तो पोक्त माणूस हुंदके देऊन रडू लागला. तासाभराने शांत झाला. इंजेक्शन देऊ का, असे वृद्धेने विचारले तेव्हा त्याने नको म्हणून मान हलवली.

शिकाऊ मुलीला राग आला होता. “बाई, तुम्ही त्यांना रडवलंत. मी निदान दुखणं थांबवत होते.”

वृद्धेने नोंदींचा कागद पुढे धरला. “तूच लिहिलंयस. पाच दिवस, रोज चार वाजता. मांडी काय घड्याळ बघून दुखते? चारला भेटायची वेळ होते. सगळ्यांकडे कुणीतरी डबा घेऊन येतं. याचा मुलगा गावी आईचे दिवस करतोय. पायाची कळ असेल तर मुळीच हात आखडू नकोस. पण वहिनींना नेलं तेव्हा हा ऑपरेशनच्या टेबलावर बेशुद्ध होता, आणि आपण याला अजून शुद्धीवर येऊच देत नाही आहोत.”

मग ती हळू आवाजात म्हणाली, “माझ्या हातचा असाच एक रुग्ण घरी गेला. पाय सुधारला, इंजेक्शन सुटलं नाही. त्यातच गेला. मी त्याला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. तेव्हा मला ती माझी दया वाटायची. खरं म्हणजे मला बसायला वेळ नव्हता.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता व्यापाऱ्याने घंटी वाजवली. मुलीने आधी पाय नीट पाहिला, त्याखालची उशी सरळ केली. “फार दुखतंय का, शेठ? इंजेक्शन देऊ?”

“आज तिचा दहावा,” तो म्हणाला. “मला झोप लागू देऊ नका. जरा बसता का?”

मुलगी बसली.