मेणात नसलेले डोळे

आठ महिने एक पत्र माझ्या पोथीच्या बासनात पडून होतं. परभणीच्या कुमुदिनी धारूरकर यांचं. राघोनाथ महाराजांच्या उत्सवासाठी त्यांनी पाळणा रचायला घेतला होता. चार कडवी झाली, पाचवं काही केल्या येईना. "भीती वाटते. सुचेपर्यंत थांबावं, की लिहीत राहावं? आपण महाराजांचं चरित्र लिहिलंत, आपल्याला ठाऊक असेल," असं त्यांनी विचारलं होतं. मला ठाऊक नव्हतं, म्हणून उत्तर राहिलं. पण चरित्रातला एक प्रसंग तेव्हापासून मनात घोळतो आहे. तो भाविकांपुढे ठेवतो. सांगण्यात काही उणं राहिलं तर ते माझं.

त्या वर्षी महाराजांचा मुक्काम सीनेकाठच्या तळेखेड गावी होता. उन्हाळ्यात तिथल्या यमाईच्या देवळाला आग लागली आणि देवीचा पितळी मुखवटा वितळून गेला. नवरात्राआधी नवा करायचं ठरलं. कोणी तांब्या दिला, कोणी समई. एका म्हातारीने तर लग्नातली घागर आणून ठेवली. सगळं मिळून जेमतेम एका ओतणीपुरतं पितळ जमलं.

महाराज म्हणाले, "म्हाळबा ओतेल."

म्हाळबा ओतारी बैलांची घुंगरं ओतायचा. देवीचा चेहरा त्याने जन्मात घडवला नव्हता. शिल्पशास्त्र मुखोद्गत असलेले धोंडोशास्त्री पारावर मोठ्याने हसले. "अरे वा! म्हणजे आता देवीनं मान हलवली की खुळखुळ वाजणार!"

म्हाळबाला त्या हसण्याहून मोठं भय होतं. त्याच्या बापाने एकदा आत ओल राहिलेला साचा ओतायला घेतला, तो फुटला, आणि उसळलेल्या पितळाच्या रसाने बापाचे दोन्ही डोळे गेले. म्हाळबाने ते समोर पाहिलं होतं.

त्याने मेणाचा चेहरा करायला घेतला. नाक आलं, ओठ आले, कपाळावरचा मळवट आला. पण डोळ्यांपाशी कोरणी नेली की बापाच्या रिकाम्या खोबणी दिसू लागत. कसेबसे डोळे कोरावेत, तर शास्त्री मापाचं सूत लावायला हजर. "दोन डोळ्यांत अंतर जवभर जास्त. पूस." तो पुसे. पुसून पुसून त्या जागा गुळगुळीत झाल्या.

मेणावर माती लिंपून केलेला साचा वाळायला पंधरा दिवस लागतात. घटस्थापना सतरा दिवसांवर आली, त्या सकाळी महाराज भट्टीपाशी येऊन बसले.

"महाराज, सुचंना काही," म्हाळबा रडकुंडीला आला होता. "तिनं दर्शन दिल्याबिगर कसं करू?"

"माती मळलीस?"

"व्हय."

"गाळून घेतलीस?"

"दोनदा घेतली."

"मग लाव."

"कशावर लावू? डोळं राह्यलेत, महाराज!"

"राहू देत. लाव माती."

म्हाळबाची बायको गिरजा पदर तोंडात धरून उभी होती. शास्त्री ओरडले, "आंधळी देवी बसवणार गावात? गावाचं पितळ बुडवून हा तोंड कुठं दाखवणार?"

म्हाळबालाही तेच दिसत होतं. फोडलेल्या साच्यातून निघालेला आंधळा चेहरा, आणि गाढवावर बिऱ्हाड लादून वेशीबाहेर पडलेली गिरजा. तरीही त्याने ओली माती उचलली आणि आपल्याच हाताने त्या गुळगुळीत जागा लिंपल्या. महाराजांनी मेणाला बोटही लावलं नाही, हे चारचौघांनी पाहिलं.

पंधरा दिवस साचा उन्हात वाळला. म्हाळबा दिवसातून दहा वेळा त्याला कान लावी, नाक लावी. ओल राहिली असली तर? मग साचा तापवून मेण काढून टाकलं. आत नुसती पोकळी उरली. आता कोणालाच काही सुधारता येणार नव्हतं.

ओतणीच्या सकाळी सगळा गाव लांब उभा राहिला. गिरजाने भाता ओढला. म्हाळबाने सांडशीने मूस उचलली, पिवळ्याजर्द रसाची धार साच्यात सोडली, आणि आतून चर्र आवाज आला.

बापाच्या वेळी असाच आला होता.

त्याचे हात थिजले. धार तुटायला आली. थांबला तर रस अर्ध्यातच गोठणार, आणि दुसऱ्या ओतणीला गावात पितळ नव्हतं. माणसं ओरडत मागे पळाली. पुढे आले ते एकटे महाराज! त्या तापलेल्या साच्यावर त्यांनी उघडा तळहात ठेवला.

"मी इथं आहे. ओत, लेकरा."

म्हाळबाने डोळे मिटले आणि धगीने हात पोळले तरी शेवटपर्यंत ओतलं.

साचा निवाला. मातीचे ढलपे पडले. नाक, ओठ, मळवट. आणि जिथे काहीच कोरलेलं नव्हतं तिथे दोन डोळे! अर्धे मिटलेले, खाली पाहणारे, मांडीवरच्या मुलाकडे आई पाहते तसे. महाराजांच्या तळहाताला साधा चटकाही नव्हता.

शास्त्री सूत घेऊन पुढे सरसावले. मुखवट्यासमोर वाकले, आणि वाकलेलेच राहिले. सूत हातातून गळून पडलं. तीन वर्षांचा असताना आईला पारखा झालेला तो म्हातारा पुटपुटला, "ही मला ओळखते."

ते महाराजांच्या पायांवर पडले. महाराजांनी त्यांना उठवलं. "माझे कशाला धरता? हात त्याचे भाजलेत."

शास्त्र्यांनी म्हाळबाच्या फोड आलेल्या हातांवर कपाळ टेकलं. म्हाळबा संकोचून मागे सरला. "महाराज, सगळं तिचंच व्हतं, तर मी महिनाभर कोरत-पुसत बसलो ते फुकटच?"

"फुकट कसं? तू माती मळली नसतीस तर ती कुठं उतरली असती?"

हीच कथा मी धारूरकरबाईंसाठी लिहून काढली. शेवट मनासारखा झाला नाही. तीनदा खोडला, चौथ्यांदा राहू दिला. आज सकाळी पोस्टाच्या पेटीशी पाकीट धरून बराच वेळ उभा होतो. मागे एक बाई ताटकळत होत्या. मग सोडलं.